कवेतली ज्वारी

रनाळ्याच्या आमच्या शाळेशेजारच्या शेतात एक बाई ज्वारी कापायला यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बाकीच्या बाया ताटं मुठीत धरून भराभर विळा चालवायच्या. ही आधी ताटं कवेत घ्यायची, मग विळा लावायची.

एकदा मधल्या सुट्टीत मी बांधावर डबा खात होतो. वर्गात नुकताच इंग्लंडमधल्या सुगीच्या सणाचा धडा शिकवला होता, तो तिलाही सांगितला. पूर्वी तिकडचे लोक म्हणायचे, धान्याचा जीव शेवटच्या उभ्या झुपक्यात असतो. तो कापायचं पाप कुणालाच नको असायचं. म्हणून सगळे लांबून विळे फेकायचे, कुणाच्या विळ्याने पडला ते कळू नये. मग त्याच काड्यांची बाहुली विणून पुढच्या पेरणीपर्यंत घरात जपायचे.

बाहुलीचं ऐकून ती हसली. विळे फेकणं मात्र तिला पटलं नाही.

"आंडेरले कोनी दूरथीन रवाना करस का, सर? जवय लेनी पडस."

आंडेर म्हणजे लेक; तिला लांबून नाही, जवळ घेऊन निरोप द्यावा लागतो. एवढं बोलून ती पुन्हा ताटांत शिरली.

माझा घास हातातच राहिला. जूनमध्ये लेकीला शिकायला पुण्याच्या बसमध्ये बसवलं, तेव्हा भरलेले डोळे दिसू नयेत म्हणून मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो होतो. तिथूनच हात हलवला होता.

परवा दिवाळीची सुट्टी संपवून लेक परत निघाली. बॅग ठेवायला म्हणून मी बसमध्ये चढलो, आणि कंडक्टर ओरडेपर्यंत तिला जवळ घेऊन उभा होतो.