बजरंगच्या छातीवरचं तेल

आमच्या गल्लीतल्या सुकन्याताईला गोड बोलता येत नाही. शेवगावच्या एका अँब्युलन्सवर ती पॅरामेडिक आहे. पेशंटच्या नातेवाइकांशी आधीच भांडून घेते. नंतर वेळ मिळत नाही म्हणे.

त्या दुपारी एका वस्तीवर बजरंगच्या छातीत कळा आल्या. गाडी पोचली तेव्हा ओट्यावर वीस माणसं आणि मधे घामाघूम बजरंग.

"लई लवकर आलीस!" त्याचा भाऊ भिमाजी खेकसला. "डाक्टर कुठाय?"

"हा काय." ताईनं टॅब उघडला. पडद्यावर नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर. तिनं इथं हृदयाचा आलेख काढायचा, त्यांनी तिथं बसून वाचायचा, अशी पद्धत.

"आरं, डाक्टर पेटीत घालून आनलाय हिनं!"

ओटा खिदळला. ताईनं छातीवर तारांच्या चिकट चकत्या लावल्या. एकही टिकेना. सगळ्या घसरून पोटावर.

"तेल कुणी चोळलं?"

"म्या!" बजरंगची आई झुंबरबाई पुढं झाली. "करडईचं. कोमट. वाटीभर."

"पुसायला लागेल."

"हात लावून बघ! आत्ता कुठं मुरतंय."

टॅबमधून डॉक्टर, वाक्यावाक्याला 'हं'चा शिक्का मारत, "सिस्टर, आलेख दिसत नाही, हं. लवकर पाठवा, हं."

"कुठून पाठवू, सर? इथं तळण काढलंय!"

भिमाजीनं तिचा दंड धरला. "आलेख-बिलेख ऱ्हाऊ दे. ग्यास हाय त्यो. शेवगावात आमच्या डाक्टरकडं टाक. एक इंजेक्शन बसलं की उठून चहा मागंल."

"हात सोड. माझ्याशी उद्या भांड. भाऊ आज मरतोय तुझा."

त्याच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून तिनं बजरंगची छाती खसाखसा घासली. मागं झुंबरबाई ताईच्या माहेराचा उद्धार करत होती, एकाही पिढीचं नाव माहीत नसताना. चकत्या चिकटल्या. आलेख गेला.

या वेळी 'हं' आलंच नाही.

"सिस्टर, मोठा हार्ट अटॅक आहे. सांगतो ती गोळी चावायला द्या. शेवगावात थांबू नका. थेट इकडं आणा, आम्ही तयार राहतो."

मग भिमाजीच ओरडला, "मंग निघा की! थांबलाय कशाला?"

नगरला पोचताच डॉक्टरांनी बारीक तार घालून बजरंगच्या हृदयाची बंद पडलेली नस उघडली. वाचला.

पंधरा दिवसांनी झुंबरबाईनं ताईला भर बाजारात गाठलं. "तेल पुसनारी तूच न्हवं? ऱ्हाऊ दिलं असतंस तर पोराच्या अंगात तार घालायची पाळी आली नसती."

"तुमचा टॉवेल माझ्याकडं राहिलाय. तीनदा धुतला, वास जात नाही. घेऊन जा."

"ठिव तुज्याकडंच," म्हातारी भाजीची पिशवी उचलत म्हणाली. "म्या परत चोळीन तवा तुलाच लागंल."