काळ्या कार्डावरचं नाव

सिनेमाला मी नावांसाठी जायची. पडद्यावर नटनट्यांची नावं कशी येतात, कुणाची शिरोरेषा लफ्फेदार, कुठलं अक्षर रक्तासारखं ओघळलेलं, एवढं बघून झालं की पुढचा सिनेमा मला फुकट वाटायचा. त्यामुळे नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका व्हिडिओ स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटची टायटलं लिहायचं काम मिळालं, तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला. टायटलच्या मशीनला तेव्हा मराठी येत नव्हतं. काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरनं मी नावं लिहायची, मालक त्यावर कॅमेरा धरायचे आणि ती अक्षरं लग्नाच्या चित्रावर चढवायचे.

गिऱ्हाइकं डोक्याला ताप असायची. मामाचं नाव काकाच्या आधी का, त्याचं अक्षर बारीक का! नवरानवरी राहिली बाजूला.

एका दुपारी चांदवडकडचे दीर-भावजय आले. भावजय म्हणजे नवरीची आई, कपाळावर ठसठशीत कुंकू. दीर म्हणाला, "ताई, पोरीच्या वडलांच्या नावाआधी कै. लावा."

मी त्या कुंकवाकडे बघतच राहिले.

मग हळूहळू कळलं. नवरीचा बाप कांद्याचा ट्रक घेऊन गेला होता. ट्रक सापडला, माणूस नाही. वर्षं लोटली. बाप टाकून गेला म्हटलं तर मुलगी कोण करणार, म्हणून मुलाकडच्यांना सांगितलं, वारला. बोलणी ह्याच काकाच्या घरी झाली, आई समोर आलीच नाही. लग्नाच्या दिवशी आईला कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत बसवून ठेवलं, विधवा म्हणून. आदल्या दिवशीची हळद मात्र घरातली होती आणि तिथे कॅमेरा चालू होता. आम्ही बोलत होतो तेव्हा स्टुडिओतल्या मॉनिटरवर तीच लागली होती. कुंकू लावलेली आई मुलीच्या गालांना हळद फासत होती, हसत होती.

"हे समदं काढून टाका," दीर म्हणाला. "एक कॅसेट पोरीच्या सासरी जायची हाय. सासूनं हे पाह्यलं तर पोरीला दारात उभी करायची नाय."

मालक बटणावर बोट ठेवून थांबले. मी मात्र भडकले. "लग्नात कोंडलंत, आता कॅसेटीतूनही हाकलताय?"

"मला काय हौस हाय का? पोर माझ्या मांडीवर वाढली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. माझा राग जागच्या जागी अडकला. तो खोटं बोलत नव्हता, घाबरला होता.

मी तोडगा काढला. दोन कॅसेटी करू. सासरची हळदीशिवाय, कै. लावून. घरची अख्खी, श्री. लावून.

इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "पोरीजवळ कोणती राहील?"

"सासरची."

"मग नको. मला तिच्याजवळ राह्यचंय. माझ्या घरी कॅसेट लावायला हाय काय?" मग दिराकडे वळून, "भाऊजी, कै. लावा. हळद राहू द्या."

"वहिनी, मग ह्या कुंकवाचं काय सांगू त्यांना?"

"सांगा, बाईला हौस होती, लावलं. बोलतील मला. बोलू द्या. तिला कुणी काय बोलायला नको."

दीर खुर्चीत बसला. मालकांनी माझ्याकडे बघून 'लिही' अशी मान हलवली. एवढी नावं लिहिली, पण ज्याची वाट बघणारी बाई शेजारी उभी आहे अशा माणसाला मारायची वेळ कधी आली नव्हती. मी बापाचं नाव मोकळ्या हातानं, ऐसपैस लिहिलं. मग सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि नावाच्या आधी, कुणाच्या लक्षात येऊ नये इतकं बारीक, 'कै.' लिहिलं.

ती कार्डावर वाकली.

"ताई, ते पहिलं अक्षर मोठं काढा," ती म्हणाली. "तिच्या सासूला चष्मा हाय."