आतोबांचं पूर्ण वाक्य

माझ्या आतोबांनी लग्न झाल्यापासून एकही वाक्य पुरं केलेलं नव्हतं. ते मुके नव्हते, तोतरेही नव्हते. ते माझ्या आत्याचे नवरे होते.

आत्याला समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर उचलून स्वतःच संपवायची खोड. त्या दोघांच्या लाँड्रीच्या काउंटरवर ती उपयोगीही पडायची. गिऱ्हाईक नुसतं "तो माझा निळा..." म्हणायचं, की आत्या सांगून मोकळी, "कोट. तयार आहे. खिशात किल्ली राहिली होती, ही घ्या." आतोबा मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी. त्यांनी "अगं, या कॉलरचं..." एवढं म्हणायचा अवकाश, बाहेरून हुकूम सुटायचा, "उलटी करून दाबा, आणि बटणं जपा!" आतोबांना बहुतेक वेळा भलतंच काही विचारायचं असे. पण ते मुकाट्याने कॉलर उलटी करून दाबत.

लोक म्हणत, काय शांत स्वभाव आहे! मला ते कधी पटलं नाही. ज्या माणसाला बोलायला फटच मिळत नाही, त्याचा स्वभाव शांत की कसा, हे कळणार कुठून? इस्त्री करताना मात्र ते स्वतःशी भरपूर पुटपुटत. इस्त्री फुसफुसायची, पण त्यांना मध्येच तोडत नसे.

त्यांचा मुलगा परदेशात. सून तिकडचीच, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. त्यांना बाळ झालं आणि आत्याने जाहीर करून टाकलं, की दुकान बंद करायचं आणि दोघांनी कायमचं मुलाकडे जायचं. "यांनाही तेच हवंय," ती गल्लीभर सांगत सुटली. मी आतोबांना एकदा आत्यासमोरच विचारलं. ते म्हणाले, "मला खरं तर..."

"आनंदच झालाय," आत्या म्हणाली.

सुनेशी बोलता यावं म्हणून तिने दोघांची नावं दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात घातली. मीही त्याच वर्गात होते, कारण मुलाखतीत इंग्रजीपाशी दरवेळी माझं घोडं अडायचं. शिकवणाऱ्या बाई आवाजाने बारीक आणि स्वभावाने करवंटीसारख्या. त्यांचा नियम एकच होता. वाक्य ज्याने सुरू केलं त्यानेच ते संपवायचं, तोवर बाकीच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. हा नियम ऐकून आत्याने नाक मुरडलं होतं.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर "वॉन्ट" लिहिलं. मग दोन माणसांच्या दोन वेगळ्या इच्छा एका वाक्यात कशा सांगायच्या ते दाखवलं. "बट"च्या अलीकडे दुसऱ्याला काय हवंय ते, पलीकडे आपल्याला काय हवंय ते. "माय सिस्टर वॉन्ट्स टी, बट आय वॉन्ट कॉफी." बसचा ड्रायव्हर होता एक, तो लगेच उठून म्हणाला, "पॅसेंजर वॉन्ट्स स्टॉप, बट आय वॉन्ट होम!" वर्ग खदखदला.

आतोबा मात्र फळ्याकडे टक लावून बघत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या भाषेत "बट"च्या पलीकडे त्यांच्यासाठी चक्क एक राखीव जागा होती, आणि आत्याला तिथे रुमाल टाकता येत नव्हता.

त्यांची पाळी आली. ते उभे राहिले, पँट सारखी केली. "माय वाइफ वॉन्ट्स टु गो..." घसा खाकरला. "बट आय..."

"ऑल्सो!" आत्या म्हणाली.

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. "काकू, वाक्य त्यांचं आहे."

आत्याने ओठ घट्ट मिटले. मराठीत तिच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. इंग्रजीत मात्र दोघांचंही भांडवल तेवढंच, फळ्यावर मावेल इतकं. वर्ग थांबला. आतोबा शब्द शोधत राहिले आणि कुणी म्हणजे कुणी त्यांना तो पुरवला नाही.

"बट आय वॉन्ट... टु स्टे." आणि एकदा नळ सुटल्यावर ते थांबतात कसले! "आय वॉन्ट शॉप. आय वॉन्ट स्टीम!"

सगळे हसले. आत्या हसली नाही.

"व्हेरी गुड," बाई म्हणाल्या. लोकांच्या संसाराशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "आता काकू."

आत्या उठली. चेहरा लालबुंद. "माय हजबंड वॉन्ट्स टु स्टे, बट आय वॉन्ट टु गो." मग खालच्या आवाजात मराठीत म्हणाली, "मला नातवाला बघायचंय हो. खरंच बघायचंय."

"मग जा की," आतोबा म्हणाले. "मी कुठे..."

सगळा वर्ग आत्याकडे बघू लागला. ती गप्प. आतोबाही सवयीने थांबले होते. शेवटी त्यांनी स्वतःच, जरा दचकत, वाक्य संपवलं, "मी कुठे अडवतोय?"

आणि आत्या गेली, एकटी. आता काउंटर आणि इस्त्री, दोन्ही आतोबांकडे. मी दुपारी मदतीला जायची. पहिले काही दिवस स्वारी खुशीत होती, मोठमोठ्याने अख्खी वाक्यं बोलायची. मग एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू परत कधी..."

"येणार ते तिलाच विचारा," आतोबा फाडकन म्हणाले. "आणि तुमची चादर वाळलेली नाही."

हळूहळू ते सगळ्यांचीच वाक्यं तोडू लागले. "अहो आतोबा, लोकांना बोलू द्या ना!" मी ओरडले.

"दुकान फार गप्प झालंय गं," ते म्हणाले. "कोणीतरी मध्येच बोलायला हवं."

मी पुढची चादर घडी करायला घेतली.

अशाच एका दुपारी आत्याचा फोन आला. आतोबांच्या एका हातात इस्त्री, दुसऱ्यात कुणाचा तरी पांढरा शर्ट, म्हणून मी स्पीकर लावला. नातू गोड आहे, दात येतायत, सून चांगली आहे पण फार सावकाश बोलते, शेवटपर्यंत थांबावं लागतं, असं सगळं सांगून झालं. मग आत्या एकदम थांबली. तिला जे म्हणायचं होतं ते मराठीत म्हणायला बहुधा लाज वाटली असावी.

"आय वॉन्टेड टु गो," ती म्हणाली, "बट नाउ आय वॉन्ट..."

आणि अडकली. पुढचे शब्द मला ठाऊक होते. मी तोंड उघडणार, तोच आतोबांनी माझ्यावर डोळे वटारले आणि इस्त्री उभी करून ठेवली. मला त्यांचा असा राग आला! बिचारी तिकडे चाचपडतेय आणि हे सूड उगवतायत. मग माझं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. नुकताच इस्त्री केलेला तो शर्ट त्यांनी मुठीत पार चुरगाळला होता. तिचं वाक्य पुरं करायला त्यांचा जीव नुसता तडफडत होता.

"...टु कम होम," आत्या म्हणाली.

"व्हेरी गुड," आतोबा थेट बाईंच्या बारीक आवाजात म्हणाले.

झालं! तिकडून मराठीचा पट्टा सुटला. हसताय काय, कॉलरी उलट्या करून दाबताय ना, बटणं जपताय ना, त्या डॉक्टरांचा कोट दिला का? "अगं, मी तर..." आतोबा म्हणाले, आणि तिने ते तिथेच तोडलं.

आतोबांनी हातातल्या शर्टानेच डोळे पुसले. तो शर्ट आम्हाला पुन्हा धुवावा लागला.