एकशे तेरावा जय भीम

एका दुपारी मी एकशे बारा अनोळखी लोकांना जय भीम केला, आणि यंत्रानं मला बाहेर काढलं.

माझी मुलगी प्रणाली मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींत आहे. ते कोणीही फुकट वापरावं, कोणीही दुरुस्त करावं. पण मंडळी गावोगावची, तेव्हा बोलायचं कुठे यावर वाद. काहींना मोबाइलवरचा ग्रुप हवा होता. तिथे कालचं बोलणं आज वाहून जातं, म्हणून प्रणालीला इंटरनेटवरचा आपला जुना मंचच हवा होता. प्रत्येक प्रश्नाला वेगळं पान, जुनं उत्तर केव्हाही सापडावं. विरोधक म्हणत, मंच साध्या माणसाला जमायचा नाही. संध्याकाळी मतदान होतं.

"आई, तुले जमलं त सगळ्यायले जमते," प्रणाली म्हणाली. "एक ओळ लिही फक्त." आणि चंद्रपूरला कामावर गेली.

मी चौथी शिकलेली. पण पोरीची बाजू पडू द्यायची नव्हती. दार लावलं, चष्मा लावला, आत शिरले.

पहिल्याच पानावर एका भाऊंनी लिहिलं होतं, 'सर्वांना नमस्कार, मी नवीन.' आमच्या मोहर्लीत कोणी नमस्कार केला आणि आपण गप्प राहिलो, तर वर्षभर ऐकावं लागतं. लिहिलं, 'जय भीम भाऊ.' खाली एका बाईंचा नमस्कार. त्यांनाही केला. मग कळलं, नमस्कार तीन वर्षांपासून साचलेत! एकालाही सोडलं तर तो म्हणणार, मलाच काऊन सोडलं? साठाव्याला बोट दुखलं, दुसरं लावलं. (वांगी करपली. करपू दिली.)

प्रत्येक उत्तराची सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर वाजत होती, हे मला काय ठाऊक? शेवटी पाटी आली: 'आपण माणूस आहात याची खात्री होईपर्यंत खातं बंद.'

तेवढ्यात प्रणालीचा फोन. "आई, काय करून राह्यली तू?"

"जय भीम करून राह्यली. चाळीसेक बाकी आहेत."



संध्याकाळी मंचच निवडून आला. मुख्य विरोधक म्हणाले, या बाईंना मंच जमला नाही असं कोण म्हणेल? मी माणूसच आहे, अशी हमी प्रणालीनं लिहून दिली आणि खातं उघडलं. हमी वाचून सगळ्या मंडळींनी मला उलट जय भीम घातला.

मी अजून उत्तरं देतेय. रोज पाचच. जास्त दिली की मी पुन्हा माणसातून उठते.