कोंडाबाईच्या गोष्टीतली रिकामी जागा

कानडी मुलखातल्या हळ्ळीखेडच्या कोंडाबाईला गोष्ट सांगायला लावणं सोपं, थांबवणं अवघड. तिची अट एकच: ऐकणाऱ्यानं वाक्यागणिक 'हूं' म्हणायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली. तिचा सासरा मेंढरांमागं हिंडायचा, त्याच्या तळावरची ही रीत. ऐकणारा जागा आहे की घोरतोय, ते त्यावरून कळायचं.

तिचा मुलगा सुनीलकुमार बंगळुरात असतो. त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला, रेणुकाला मराठी कळते, पण बोलते ती कन्नडच. फोनवर आजीला जेवलीस का एवढं विचारते आणि पळते. कोंडाबाईला याचं वाईट वाटतं आणि ते ती लपवतही नाही. "नात हाय माझी, पर पाव्हण्यासारखी बोलायलीय," म्हणते.

अंगणवाडीच्या अंबिकानं तोड काढली. इंटरनेटवर मुलांच्या पुस्तकांचं एक फुकट वाचनालय आहे. देशोदेशीच्या गोष्टी, नाना भाषांत. एखादी गोष्ट आपल्या भाषेत सांगून, आवाज भरून तिथं चढवताही येते. आफ्रिकेतल्या, शेळी हरवलेल्या एका मुलीची गोष्ट अंबिकानं कन्नडमधून वाचून दाखवली. कोंडाबाईनं चित्रं निरखली. "ह्ये तर आपल्यातलंच हाय की," म्हणाली आणि आपल्या मराठीत सांगायला बसली.

आवाज भरताना गलका नको म्हणून अंबिकानं पोरांना बाहेर काढलं आणि स्वतः तोंड मिटून बसली. कोंडाबाई एक वाक्य बोलून थांबायची आणि डोळे वटारायची. शेवटी अंबिका नुसती मान हलवू लागली, तेव्हा कुठं गाडं पुढं सरकलं.

चार दिवसांनी वाचनालयवाल्यांनी विचारलं: आवाज सारखा तुटतोय, मधल्या रिकाम्या जागा कापू का?

"कापू द्या की मावशी," अंबिका म्हणाली. "गोष्ट तर हाय तशीच ऱ्हाती."

"न्हाई. ती जागा रेणुकाची हाय. कापली तर पोरगी बोलंल कुठं?"

म्हातारीपुढं कोणाचं चालतं? गोष्ट होती तशीच चढली.

रविवारी सुनीलकुमारनं आईला फोन लावून ठेवला आणि मुलीला गोष्ट लावून दिली. कोंडाबाईला पलीकडून आपलाच आवाज आला, "एक व्हती पोरगी." मग जागा. ती रिकामीच गेली. कोंडाबाईनं फोन कानाला आणखी दाबला.

दुसऱ्या वाक्याला "हूं" आला, पण तो सुनीलकुमारचा, लहानपणची सवय. तिसऱ्याला त्याच्या आवाजात एक बारीक आवाज मिसळला. चौथ्याला बारीक आवाज एकटाच होता.

आपला आवाज मधे येऊ नये म्हणून कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. पोरीची बोलायची पाळी होती.