शेवटच्या ओळीतलं नाव

माझ्या कपाटात एक जाडजूड पुस्तक आहे. विस्मृतीत गेलेल्या, गावोगावच्या गीतकारांवरचं. त्यातलं अख्खं एक पान माझ्या दादाला, म्हणजे वडिलांना दिलंय. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, नजर लांब आभाळात. घोंगडी फोटोपुरती शेजाऱ्याकडून आणलेली. ते पुस्तक मी पालथं ठेवते.

दादाला गाता येत नाही. त्यानं हाळी दिली की शेळ्या जवळ यायच्या सोडून लांब पळतात. तोच गळा मला लागलाय, म्हणून खात्रीनं सांगते. गाणी सगळी मायची. पंचमीच्या फेराची, हळदीची, डोहाळ्यांची. भाकरी थापता थापता ती ओळ जुळवायची आणि दिवस मावळेपर्यंत ती गल्लीतल्या बायकांना पाठ झालेली असायची. लिहिता तिला येत नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत ती दादाचं नाव घालायची, उखाण्यात घालतात तसं. एरवी तिनं ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. रेशन दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मला कोपरानं ढोसायची, मग मी सांगायचे. गाण्यात तेवढी मुभा होती.

ही गाणी गावच्या लेकींबरोबर सासरी गेली. तलवाड्याला दिलेल्या एकीच्या तोंडून ती विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनी ऐकली, मग आणखी दोन गावांत. सगळीकडं शेवटी तेच नाव. शाहीर शेवटच्या ओळीत आपलं नाव घालतो, हे बाई पुस्तकात शिकल्या होत्या. बायका कुणाचं नाव घालतात, हे त्यांना कळू नये? बाईच होत्या की त्या! उपेक्षित शाहीर सापडला म्हणून त्या माग काढत मांजरसुंब्यावरून आमच्या दारात आल्या.

"ही गाणी तुमची ना?" त्यांनी दादाला विचारलं.

दादानं एकदा मायकडं पाहिलं, एकदा रेकॉर्डरकडं. "नाव तर माझंच हाय," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बाई, गाणी मायनं रचलीत," मी म्हणाले. त्या गोड हसल्या. "अगदी बरोबर. ही ठेव बायकांनीच तर जपली." आणि वहीत काहीतरी खरडलं. माय चहा घेऊन आली, तिनं मला डोळ्यांनी दाबलं. दादाला गायला सांगितलं तर त्याला लगेच खोकला आला. मग मायच गायली. पदर सावरत, एकामागून एक सात गाणी. दादा शेजारी मान डोलावत बसला, जणू चुका काढतोय.

पुस्तकात मायच्या वाट्याला तीन शब्द आले. 'गायनसाथ : त्यांच्या पत्नी'. उपेक्षितांना उजेडात आणायला निघालेल्या बाईंनी, जिच्या हातचा चहा प्याल्या तिचं साधं नावही विचारलं नव्हतं. मी पत्र पाठवलं, फोन केला. "तुमच्या भावना समजू शकते, पण गाण्यातलं नाव हा पुरावा आहे," त्या म्हणाल्या. भावना म्हणे! चुलीत घाला ती समज.

प्रकाशन बीडला झालं. शाल, नारळ, टाळ्या. दादाच्या हातात माईक आला. माय पहिल्या रांगेत होती, नवं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. दादा म्हणाला, "सगळी देवाची कृपा." आणि बसला.

परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो. दादा शाल पांघरून ओळखीच्या माणसांत मिरवत होता. मी मायवर उखडले.

"त्या दिवशी कावून गायलीस? अन् आज कावून गप बसलीस?"

"माईक त्यांच्या हातात व्हता," माय म्हणाली. "इतकी वर्सं मी त्यांचं नाव घेतलं. मला वाटलं, एक डाव तेबी घेत्याल."

"मंग तूच घाल की तुजं नाव गाण्यात."

"आपलंच नाव आपण घेतं का कुणी, बये? ते दुसऱ्यानं घ्यावं लागतं."

चहाला तिनं तोंड लावलं नाही. तो माणूस माझा बाप आहे याची मला त्या दिवशी लाज वाटली, अजून वाटते.

यंदा पंचमीला मी गावी गेले. आमच्या अंगणात बायकांनी फेर धरला होता आणि मायनं नवं गाणं रचलं होतं. दादा ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. शेवटची ओळ आली. नाव येणार म्हणून बायकांनी पाय उचलले, आणि माय थांबली. फेरही थांबला. दादानं मान वर केली.

मी ओट्याकडं तोंड केलं आणि बेंबीच्या देठापासून मायचं नाव घेतलं. बेसूर. दोघी-तिघी फिसकन हसल्या. मग सगळ्यांनी ते नाव सुरात उचललं आणि फेर पुन्हा फिरला. मायचा पाय चुकला. आजवर कधी चुकला नव्हता.

दादा उठून गोठ्यात गेला. जाऊ दे. तिथं शेळ्यांपुढं गा म्हणावं.