अच्युतरावांचा शंभू

नेरूळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या अच्युतरावांकडे गेलं की चहा नंतर मिळे. आधी शंभूचं दर्शन घ्यावं लागे. गॅलरीतल्या माशांच्या जुन्या काचपेटीत तो पसरलेला असे. मातकट अंगावर गडद कड्यांची साखळी आणि पाचोळ्यावरून सरकताना रेशमाची घडी मोडावी तशी सळसळ. काचेवर टिचकी मारत अच्युतराव सांगत, "अजगराचं पिल्लू आहे. साप वाचता आला पाहिजे, ताई. नुसत्या कविता वाचून काय होतं?"

शेजारच्या प्लॉटवर पाया खोदताना निघालेला हा साप त्यांनी पडद्याच्या दांडीने उशीच्या अभ्र्यात ढकलला होता. त्या पराक्रमाची कथा दर खेपेला लांबत गेली. साप मात्र तेवढाच राहिला.

त्यांच्या पत्नी, हेमावहिनी, कोकणातल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, ही घोणस आहे. चावली तर माणूस उरत नाही."

"तुझ्या माहेरी सरपटेल त्याला घोणसच म्हणतात," अच्युतरावांनी निकाल दिला.

वहिनींनी पेटीच्या जाळीवर वरवंटा ठेवला आणि कुकर माळ्यावर टाकला. घोणस फुत्कारते ती थेट कुकरची वाफ सुटल्यासारखी. घरात असा आवाज एकच असावा, म्हणजे ओळखता येईल, एवढाच त्यांचा विचार. त्या घरात डाळ उघड्या पातेल्यात रटरटू लागली आणि अच्युतराव गॅसच्या नावाने कुरकुरू लागले.

आषाढात त्यांनी जाहीर केलं, की गणपतीच्या जिवंत देखाव्यात ते शंकर होणार आणि शंभू गळ्यात असणार. "रबरी साप कशाला? आपल्याकडे अस्सल माल आहे!" सोसायटीच्या कमिटीने टाळ्या वाजवल्या. वहिनी मात्र माझ्या दारात आल्या. हातांना कोथिंबिरीचा वास होता. "माझं ऐकत नाहीत हो. तुम्ही तरी सांगा."

मी सांगितलं. अच्युतराव हसले. "दोघी मिळून घाबरट महिला मंडळ काढा."

अखेर त्यांची समजूत शंभूनेच घातली. एका ओलसर सकाळी तो बाळंत झाला. पेटीच्या तळाशी करंगळीच्या जाडीची पिल्लं वळवळत होती, प्रत्येकाच्या अंगावर आईचीच साखळी. अजगर अंडी घालतो, हे शाळेतली पोरंही जाणतात. अच्युतराव बराच वेळ साप वाचत उभे राहिले. मग सर्पोद्यानाची माणसं आली, आणि वरवंटा उचलण्याआधी "घोणस आहे, मागे व्हा" असं इतक्या सहज म्हणाली, की अच्युतरावांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

गणपतीत ते शंकर झालेच. अंगाला राख, कमरेला वाघाच्या छापाची चादर, गळ्यात रबरी साप. मांडव त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून होता. आरती संपली, धुपाचा धूर स्थिरावला, आणि आतून एक लांब, धारदार फुत्कार आला. भगवान शंकर जटेतल्या गंगेसकट कैलासावरून उडी मारून थेट पार्किंगपर्यंत धावले.

खिडकीत हेमावहिनी आल्या.

"अहो, बसा जागेवर," त्या म्हणाल्या. "वरण शिजतंय."